लहान इंजिन की मोठे?

(नभोवाणीवरील भाषण)



शिक्षकाच्या व्यवसायात एक सुख असे आहे की, विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी त्याचे प्रश्न शाळा सोडून जात नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बसणारा एक मुलगा आज अमेरिकेतील ओहायो राज्यात यंत्रांच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याचे वडील येथे बेळगावात एका फौंड्रीत बीडाच्या ओतकामावर होते. मागील महिन्यात त्याचे पत्र आले. घरच्यांची ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर त्याने लिहिले होते, "सर, एका जुन्या शेव्हरोले नोव्हा गाडीचा सांगाडा स्वस्तात मिळाला आहे. ती ड्रॅग रेसिंगसाठी तयार करावयाची इच्छा आहे. गावात दोन इंजिने विकावयास आहेत, एक लहान आणि एक मोठे. साठवलेले पैसे एकदाच पुरतील. कोणते घेऊ? गणित आपणच शिकवले आहे, म्हणून आपल्यालाच विचारतो."

पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिले नाही. याच मुलाचा धाकटा भाऊ, तोही माझाच विद्यार्थी, दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी हमरस्त्यावर मित्राशी पैज लावून मोटारसायकल पळवीत होता. तो पडला. त्याचा उजवा पाय आजही गुडघ्यात वाकत नाही. वेगाचे नाव निघाले की त्या घरातील माउलीचा चेहरा कसा होतो, हे मी पाहिलेले आहे. अशा घरातील थोरल्या मुलाला कोणते इंजिन अधिक जोरात पळेल हे सांगत बसावे काय, असा प्रश्न मला पडला. परंतु मागाहून वाटले की, प्रश्न प्रामाणिक आहे आणि प्रामाणिक प्रश्नाला टाळाटाळ हे उत्तर होऊ शकत नाही. म्हणून मी कागद पुढे ओढला. त्या उत्तराच्या निमित्ताने जे वाचले आणि जी आकडेमोड केली, तीच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम हा खेळ कसा असतो ते पाहू. दोन गाड्या एका सरळ, सपाट धावपट्टीवर शेजारी शेजारी उभ्या राहतात. पट्टीची लांबी पाव मैल, म्हणजे १३२० फूट असते. मध्ये वळण नाही, चढ नाही, उतार नाही. दोन गाड्यांच्या मध्ये एक खांब असतो आणि त्यावर वरून खाली दिवे असतात. पिवळे दिवे लागून गेले आणि हिरवा लागला की निघावयाचे, आणि जो पहिल्याने पलीकडील रेषा ओलांडील तो जिंकला. दिव्यांचा हा खांब १९६३ साली प्रचारात आला. त्याच्या रंगीत दिव्यांमुळे तेथील लोक त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. आमच्या घरी डिसेंबरात जे झाड उभे राहते त्याच्याभोवती इतकी घाई कोणी करीत नाही, ही गोष्ट वेगळी!

या खेळाचा उगम मात्र रस्त्यावरच झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारींची इंजिने सुधारून त्या सार्वजनिक रस्त्यांवर एकमेकांविरुद्ध पळवीत. अपघात होत, पोलीस मागे लागत, आणि लोकांचा रोष ओढवे. १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणे भरू लागल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, 'हॉट रॉड' या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. तरुणांना 'पळू नका' असे सांगून भागणार नाही. पळण्यासाठी बंदिस्त जागा, मोजण्यासाठी घड्याळ आणि पाळण्यासाठी नियम दिले पाहिजेत, हा तिच्यामागील विचार होता. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड या गावी त्या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

योगायोग असा की, त्याच १९५५ साली शेव्हरोले कंपनीने आठ सिलिंडरांचे एक नवे इंजिन बाजारात आणले. त्याच्या सिलिंडरांचे एकूण घनफळ २६५ घनइंच होते. आपल्याकडे इंजिन सी.सी.मध्ये मोजतात, त्या हिशेबाने ते सुमारे ४३०० सी.सी. भरते. आपल्याकडील पुष्कळशा लहान मोटारींचे इंजिन १२०० सी.सी.च्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या देशातील 'लहान' हा शब्द किती सापेक्ष आहे ते कळून येईल. हे इंजिन त्याच्या शक्तीच्या मानाने आटोपशीर व हलके होते. त्याच ठेवणीतून पुढे २८३, ३२७, ३५० अशा वाढत्या घनफळाची इंजिने निघाली. या कुळास 'स्मॉल ब्लॉक' हे नाव पडले. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा बीडाचा मुख्य ओतीव भाग, ज्यात सिलिंडर कोरलेले असतात. २०११ साली या कुळातील दहा कोटीवे इंजिन तयार झाले, यावरून त्याचा प्रसार लक्षात यावा.

दुसरे कूळ 'बिग ब्लॉक' याचे. अवजड गाड्यांना आणि शर्यतींना अधिक जोर हवा होता, म्हणून मोठा ब्लॉक ओतण्यात आला. १९६५ साली त्यातील ३९६ घनइंचांचे इंजिन आले, मग ४२७ आणि १९७० साली ४५४. येथे एक गंमत आहे. १९७० साली निघालेले एक 'लहान' इंजिन ४०० घनइंचांचे होते, म्हणजे ३९६ घनइंचांच्या 'मोठ्या' इंजिनापेक्षाही घनफळाने अधिक! याचा अर्थ असा की, लहान-मोठेपणा हा पोटातील जागेचा नसून बाहेरील अंगकाठीचा आहे. मोठ्या ब्लॉकमध्ये सिलिंडर एकमेकांपासून दूर असतात, झडपा मोठ्या बसविता येतात आणि पुढील वाढीस वाव असतो. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. दोन्ही बीडाचीच धरली, तर मोठे इंजिन लहानापेक्षा साधारण शंभर पौंडांनी किंवा त्याहूनही थोडे अधिक जड भरते.

माझ्या विद्यार्थ्यापुढील दोन इंजिने म्हणजे ३५० घनइंचांचे लहान आणि ४५४ घनइंचांचे मोठे. आता गणिताकडे वळू.

इंजिनाचे काम दोन गोष्टींत मोजतात. एक, दांडा फिरविण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात. दुसरी, तो दांडा मिनिटास किती फेरे घेतो ती संख्या. विहिरीवरील रहाट डोळ्यांपुढे आणा. एक धिप्पाड गडी मोठा पोहरा सावकाश ओढतो. दुसरा किरकोळ अंगाचा गडी लहान पोहरा भराभर ओढतो. तासाअखेर हौदात पाणी किती पडले, हा खरा प्रश्न असतो, आणि कधी कधी ते दोघांचे सारखेच भरते. हौदात पडणारे पाणी म्हणजे अश्वशक्ती. पौंड-फुटांतील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ५२५२ने भागले की अश्वशक्ती मिळते.

चांगल्या तऱ्हेने जुळविलेले पेट्रोलचे इंजिन दर घनइंचामागे १.१ पौंड-फूट टॉर्क देते, असे उदाहरणापुरते धरू. मग लहान इंजिनाचा टॉर्क ३८५ आणि मोठ्याचा सुमारे ५००. लहान इंजिन मिनिटास ६५०० फेऱ्यांनी फिरविले तर शक्ती ४७६ अश्व होते. मोठे इंजिन ५००० फेऱ्यांनीच फिरविले तरी ४७५ होते. शक्ती जवळपास सारखी, पण एक धावतपळत मिळवितो, दुसरा चालत चालत. 'घनफळाला दुसरा पर्याय नाही' अशा अर्थाची एक म्हण त्या देशातील मेकॅनिकांच्या तोंडी असते. तिचा उगम येथे आहे.

मग मोठेच घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु गाडीचे वजन अजून आपण हिशेबात घेतले नाही. या खेळातील लोक एक अनुभवसिद्ध नियम वापरतात. चालकासह गाडीचे पौंडांतील वजन अश्वशक्तीने भागावे, येणाऱ्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्यास ५.८२५ने गुणावे, पाव मैलास लागणारे सेकंद मिळतात. अर्थात रस्त्याची पकड व चालकाचे कौशल्य चांगले आहे असे यात गृहीत आहे. माझ्या विद्यार्थ्याची गाडी लहान इंजिनासह ३१०० पौंड आणि मोठ्या इंजिनासह ३२०० पौंड भरेल असे धरू. दोघांची शक्ती ४७५. लहान इंजिनाची गाडी सुमारे १०.८९ सेकंदांत पोचते, मोठ्याची ११ सेकंदांत. अंतर केवळ अकरा-बारा शतांश सेकंदांचे. पण त्या क्षणी गाडी ताशी सव्वाशे मैलांच्या आसपास धावत असते, आणि एवढ्या अवधीत ती वीस फुटांहून अधिक पुढे जाते. म्हणजे शक्ती समान असता शंभर पौंडांनी हलकी गाडी एका गाडीच्या लांबीहून जास्त अंतराने जिंकते.

अर्थात मोठ्या इंजिनाला ५००० फेऱ्यांवरच थांबविण्याचे कारण नाही. तेच ५६०० फेऱ्यांनी फिरविले तर शक्ती ५३२पर्यंत जाते आणि वेळ १०.५९ सेकंदांवर येते. शंभर पौंडांचे ओझे वाहूनही ते आता तीन दशांश सेकंदांनी पुढे आहे. लहान इंजिनास ती बरोबरी करावयाची असेल तर ७००० फेऱ्यांच्या पलीकडे जावे लागेल. येथे या निवडीचे खरे मर्म आहे. लहान इंजिन मोठ्याची बरोबरी करू शकते, पण प्रत्येक वेळी ती बरोबरी फेऱ्यांच्या रूपाने विकत घ्यावी लागते.

ही खरेदी कशी असते ते पाहा. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते आणि मिटते. ५००० फेऱ्यांना ती सेकंदास सुमारे ४२ वेळा उघडझाप करते. ७००० फेऱ्यांना ५८ वेळा, आणि ९००० फेऱ्यांना ७५ वेळा. झडपेला मागे खेचणारी स्प्रिंग जर या वेगाने परतू शकली नाही, तर झडप अधांतरी राहते, पिस्टन वर येतो आणि दोघांची गाठ पडते. मग उरते ते भंगार. हे टाळावयाचे तर स्प्रिंगा अधिक ताठ हव्यात, झडपा हलक्या व उत्तम धातूच्या हव्यात, क्रँकशाफ्ट आणि दांडे घडीव पोलादाचे हवेत, आणि हे सारे वारंवार उघडून तपासावयास हवे. फेऱ्या दुप्पट झाल्या की फिरत्या भागांवरील ओढ चौपट होते, हे आपण शाळेत वर्तुळगती शिकताना पाहिलेलेच आहे. तेव्हा विकत घेताना लहान इंजिन स्वस्त असले, तरी ते मोठ्याइतके पळवावयाचे ठरविल्यास ते मोठ्यापेक्षा महाग पडू शकते. हा धडा अनेकांनी पैसे देऊन शिकलेला आहे.

मोठ्या इंजिनाच्या बाजूनेही एक अडचण आहे, आणि ती गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहे. इंजिनात कितीही जोर असो, तो रस्त्याला टेकतो फक्त मागील दोन टायरांच्या तळव्यांतून. गाडी निघताना टायर जेवढे धरून ठेवतील तेवढाच जोर कामाचा; बाकीच्याचा धूर होतो. म्हणून या गाड्यांना मागे रुंद, गुळगुळीत आणि मऊ रबराचे टायर लावतात. गुरुत्वाच्या त्वरणाइतक्याच त्वरणाने गाडी सतत धावत राहिली, तर पाव मैलास सुमारे ९ सेकंद लागतील, असे साधे गणित सांगते. रबराची पकड याहून अधिक असू शकत नाही असे मानणाऱ्यांना हा आकडा या खेळाची सीमा वाटे. पुढे टायर असे निघाले की, ते जमिनीला अक्षरशः चिकटतात, आणि ती सीमा केव्हाच मागे पडली. मात्र ते टायर महाग असतात. मोठे इंजिन पुढच्या बाजूस जड असते, तर मागील टायरांवरील भारच पकड देतो. शिवाय त्याचा वाढीव जोर गियरपेटीला, मागील आसाला आणि डिफरन्शियलला सोसावा लागतो. मोठे इंजिन बसविणाऱ्यास पुष्कळदा एकापाठोपाठ हे सर्व भाग बदलावे लागतात. इंजिनाची किंमत दिली आणि काम संपले, असे होत नाही.

आता आपण म्हणाल, की मास्तर, दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेतलेत, निकाल काय? निकालाकडे जाण्यापूर्वी एका माणसाची हकीकत सांगतो. बिल जेंकिन्स हे या खेळातील एक नामांकित इंजिनकार. त्यांचा जन्म १९३०चा; यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठी ते कॉर्नेल विद्यापीठात गेले होते, पण पदवी न घेताच बाहेर पडले. १९७० साली 'प्रो स्टॉक' नावाचा नवा वर्ग सुरू झाला. त्यात बाहेरून कारखान्यातील गाडीसारखी दिसणारी, पण आतून शर्यतीसाठी जुळविलेली गाडी असते. त्या वर्षीची कॅलिफोर्नियातील पोमोना येथील पहिली स्पर्धा जेंकिन्स यांनी जिंकली, ती मोठे इंजिन बसविलेल्या शेव्हरोले कमारो गाडीने. पुढे क्रायस्लर कंपनीच्या ४२६ घनइंचांच्या 'हेमी' इंजिनांनी तो वर्ग व्यापून टाकला. मग १९७२ साली नियम बदलले. लहान इंजिनाच्या छोट्या गाडीस घनइंचामागे पावणेसात पौंड वजन पुरेल, मोठ्या इंजिनांना याहून अधिक वजन वाहावे लागेल, असे ठरले.

जेंकिन्स यांनी तो नियम वाचला आणि आपले मोठे इंजिन बाजूला ठेवले. शेव्हरोले वेगा या चिमुकल्या गाडीत त्यांनी ३३१ घनइंचांचे लहान इंजिन बसविले. ३३१ला पावणेसातने गुणले तर २२३४ येतात. म्हणजे साधारण २२०० पौंडांच्या आसपासची गाडी. जी गाडी कोणी गंभीरपणे घेण्यासारखी वाटत नव्हती, तिने पोमोनाची १९७२ची स्पर्धा जिंकली आणि मागाहून त्याच वर्षी इतरही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. ठिकाण तेच, माणूस तोच, दोन वर्षांच्या अंतराने दोन उलट उत्तरे, आणि दोन्ही बरोबर! पुढे १९८२ साली नियम पुन्हा बदलले. सर्वांना २३५० पौंड वजन आणि ५०० घनइंचांपर्यंत इंजिन अशी सरसकट मुभा मिळाली. त्याबरोबर त्या वर्गातील लहान इंजिनाचे दिवस संपले. पदार्थविज्ञान यातल्या कोणत्याही वर्षी बदलले नव्हते; बदलला होता तो नियमाचा कागद.

सारांश, 'लहान की मोठे' हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न असा की, कोणत्या वर्गात धावावयाचे आहे आणि तेथील नियम वजन कसे मोजतो. दुसरा, गाडीचे वजन आज किती आहे. तिसरा, टायर व मागील आस किती जोर सोसतील. चौथा, एका हंगामात इंजिन किती वेळा उघडून बसविण्याची ऐपत आहे. या चारांची उत्तरे कागदावर लिहिली की, पाचव्याचे उत्तर बहुधा आपोआप मिळते.

मी विद्यार्थ्याला उलट टपाली हे चार प्रश्न विचारले. त्याच्या उत्तरावरून कळले की, तो ज्या वर्गात उतरणार आहे तेथील रीतच निराळी आहे. त्यास 'ब्रॅकेट रेसिंग' म्हणतात. तेथे प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत पोचेल हे आधीच जाहीर करतो. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ आधी मंद गाडीस सोडतात. मग जलद गाडी निघते. आणि गंमत अशी की, आपण जाहीर केलेल्या वेळेपेक्षा आधी पोचलात तर सामान्यतः तुम्ही हरता! खोटा आकडा सांगून सवलत मिळविणाऱ्यास तेथे जागा नाही. तेव्हा या वर्गात सर्वांत जलद गाडी जिंकत नाही. जी गाडी दर खेपेस तेवढाच वेळ घेते, आणि जिचा चालक तिला पुरता ओळखतो, ती जिंकते.

हे कळल्यावर निकाल देणे मला कठीण गेले नाही. मी त्याला लिहिले, "लहान इंजिन घे, आणि त्याला मोठ्याशी बरोबरी करावयास लावू नकोस. ५५०० फेऱ्यांवर ते सुमारे ४०० अश्वशक्ती देईल आणि तुझी गाडी साडेअकरा सेकंदांत पोचेल. मोठ्या इंजिनाच्या मानाने जे अर्धा-पाऊण सेकंद जातील ते तुझ्या वर्गात गेले असे धरण्याचे कारण नाही. त्यांच्या बदल्यात तुला टिकाऊ इंजिन मिळेल. त्याचे सुटे भाग कुठल्याही गावी मिळतात. वाचलेले पैसे चांगल्या ब्रेकांवर, टायरांवर आणि डोक्यावरील पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर खर्च कर. एक हंगाम धाव. दरेक धावेची वेळ, हवेचे तापमान आणि टायरांतील हवा वहीत लिहीत जा. पुढे अधिक जोर हवासा वाटला, तर याच ३५०च्या ब्लॉकचे सिलिंडर किंचित रुंदावून लांब टप्प्याचा क्रँकशाफ्ट घातला की घनफळ ३८३ होते. अंगकाठी लहानच राहते आणि वजनही फारसे वाढत नाही. उद्या तुझ्याकडे पैसा आला, आणि केवळ घड्याळाशी स्पर्धा असलेल्या वर्गात उतरलास, तर मोठे इंजिन घे. तेव्हा माझे मत तेच असेल."

पत्राच्या शेवटी मी आणखी एक गोष्ट लिहिली, आणि तीच आज या भाषणाच्या शेवटी सांगावीशी वाटते. या खेळातील सर्वांत वेगवान गाड्या नायट्रोमीथेन या इंधनावर चालतात. त्यांची शक्ती अकरा हजार अश्वांच्या घरात सांगतात, आणि वेग ताशी ३३० मैलांहून अधिक होतो. २००८ सालच्या जून महिन्यात न्यू जर्सीमधील एका धावपट्टीवर स्कॉट कॅलिटा हा नामवंत चालक अशाच एका गाडीत मरण पावला. त्यानंतर संस्थेने त्या वर्गाची पट्टी १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली. पाव मैल हे या खेळाचे जणू दैवतच. परंतु गाडी थांबविण्यास जागा अपुरी पडते हे दिसताच त्यांनी ते अंतर तोडले. जे लोक वेगासाठी आयुष्य वेचतात, त्यांना थांबण्यासाठी लागणाऱ्या जागेची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळते.

आमच्या शहराबाहेरील हमरस्त्यावर रात्री अकरानंतर मोटारसायकलींचे जे आवाज येतात, ते मी माझ्या खिडकीतून ऐकतो. त्या मुलांच्या गाडीचे इंजिन लहान आहे की मोठे, हा प्रश्नच तेथे गौण आहे. त्यांच्याजवळ मोजलेली पट्टी नाही, समोरून कोणी येणार नाही अशी खात्री नाही, आणि थांबण्यासाठी राखून ठेवलेली जागाही नाही. त्या मुलांना मी उपदेश करून पाहिला आहे. त्याचा उपयोग किती झाला, हे मला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातील त्या संपादकाने जे ओळखले ते आपणही केव्हा तरी ओळखले पाहिजे, की तरुणाच्या अंगातील वेगाला जागा करून द्यावी लागते, आणि ती जागा रस्ता नव्हे.

विद्यार्थ्याचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. त्याने लहान इंजिन घेतले आहे. वही सुरू केली आहे. वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र त्याने आपल्या धाकट्या भावाला पाठविले, आणि आकडे तपासून देण्याचे काम त्याच्याकडे सोपविले आहे. परवा तो मुलगा काठी टेकीत माझ्याकडे आला होता. घनमूळ कसे काढावयाचे, ते तो विसरला होता. आम्ही दोघे पुन्हा बसलो.